सोनेरी टॅबरनॅकलला रंग लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईकडच्या एका जुन्या चर्चमध्ये मुख्य वेदीवर लाकडी, कोरीव, सोनेरी टॅबरनॅकल आहे, म्हणजे मिस्सा या उपासनेतली पवित्र भाकर जपून ठेवायची कुलूपबंद पेटी. पिळाचे खांब, दोन्ही बाजूंना देवदूत, दारावर पिल्लांना भरवणारा पेलिकन पक्षी. सोनं काळपट पडलंय, एका देवदूताच्या पंखावरून पोपडे सुटतायत. सणाआधी गावातल्या पेंटरकडून गोल्डन पेंट मारून घ्यायचा ठराव पॅरिश कौन्सिलपुढे, म्हणजे चर्चच्या सल्लागार समितीपुढे, आहे. विचारणारे गृहस्थ नुकतेच रोमला जाऊन आले. तिथे सेंट पीटर्स चर्चमध्ये त्यांनी बरोक शिल्पकार बर्निनीचा टॅबरनॅकल पाहिला. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: एका कुलपाच्या पेटीभोवती एवढा थाट कशासाठी, आणि आपला रंगवून घेतला तर बिघडलं कुठे?

सण तोंडावर आहे, म्हणून दुसऱ्याचं उत्तर आधी. रंगवू नका. मुलाम्याचं लाकूडकाम जाणणारा संवर्धक येऊन पाहीपर्यंत ठराव पुढे ढकला. सणाला टॅबरनॅकल काळपट दिसला म्हणून कुणाचं काही अडत नाही. रंग मात्र एकदा बसला की तो उतरवायला लावण्याच्या कितीतरी पट वेळ आणि पैसा जातो, आणि उतरवताना खालचं सोनं सगळं वाचेल अशी हमी कोणताही प्रामाणिक कारागीर देणार नाही. मी याच प्रकारच्या वस्तूंचं काम करतो. लोकांना वाटतं आमची लढाई जुनेपणाशी असते. खरं तर बराचसा वेळ मागच्या दोन-तीन पिढ्यांनी भक्तिभावाने चढवलेले थर काढण्यातच जातो.

आता थाटाबद्दल. अभिषिक्त भाकर, म्हणजे ओस्ती, जपून ठेवायची प्रथा जुनीच. पण ती वेदीच्या मधोमध ठेवायचा आग्रह त्या मानाने नवा. मध्ययुगात कुठे भिंतीतल्या कोनाड्याला दार लावून ती ठेवत, कुठे वेदीवर टांगलेल्या कबुतराच्या आकाराच्या डबीत. जर्मनीकडे तिच्यासाठी वेदीच्या बाजूला दगडी मनोरे उभारत. न्यूरेंबर्गच्या सेंट लॉरेन्झ चर्चमधला आडाम क्राफ्टचा मनोरा (१४९३–९६) सुमारे २० मीटर उंच आहे. वर छत आलं म्हणून त्याचं टोक त्याने वेलीच्या शेंड्यासारखं वळवून घेतलंय, आणि तळाशी स्वतःचीच गुडघे टेकलेली मूर्ती मनोरा पेलताना दाखवलीय.

मग प्रोटेस्टंट सुधारकांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला: मिस्सा संपल्यावर त्या भाकरीत ख्रिस्त उरतो का? कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ मध्ये ठाम उत्तर दिलं, की उरतो, आणि म्हणून ती जपून ठेवणं आणि तिची आराधना करणं योग्यच आहे. हे उत्तर लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं तर पेटी बाजूच्या भिंतीत राहून कशी चालेल? वेरोनाचे बिशप जिबेर्ती यांनी ती आधीच मुख्य वेदीवर आणली होती. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ यांनी १५७७ मध्ये चर्चबांधणीच्या सूचना छापल्या, त्यात टॅबरनॅकल कसा असावा हे बारकाईने येतं. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने वेदीवरची जागा पक्की केली. पुढची दीडदोनशे वर्षं शिल्पकार, सोनार आणि सुतार जे करत राहिले ते या एका निर्णयाचं दृश्य रूप आहे. थाट पेटीचा नाही. वादात घेतलेल्या बाजूचा आहे.

बरोक, म्हणजे १७व्या शतकातल्या थाटामाटाच्या शैलीच्या, कारागिरांनी त्यासाठी पेटीची इमारतच केली. घुमट, खांब, कमानी, दार, पायऱ्या, सगळं खऱ्या वास्तूसारखं, फक्त माप लहान. याची एक पायरी स्पेनमध्ये एस्कोरियलच्या राजेशाही मठात दिसते: वास्तुकार हेर्रेराचा आराखडा, याकोपो दा त्रेत्सोचं काम, रंगीत जास्पर दगडाचं गोल मंदिर, १५८६ मध्ये पुरं झालेलं. ते कडक, संयमी आहे. तुम्ही रोममध्ये पाहिलात तो बर्निनीचा टॅबरनॅकल त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षांनंतरचा. कल्पना पोप आठव्या उर्बनच्या काळातली, १६२९ च्या सुमाराची. काम प्रत्यक्षात झालं ते दहाव्या क्लेमेंटच्या काळात, १६७३ नंतर, १६७५ चं जयंतीवर्ष, म्हणजे रोमचं पवित्र यात्रावर्ष, डोळ्यांसमोर ठेवून. तोवर बर्निनीने पंचाहत्तरी गाठली होती. सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ आणि लाजवर्द हा गर्द निळा दगड. खांबांवर बारा प्रेषित उभे, घुमटावर पुनरुत्थित ख्रिस्त, दोन बाजूंना गुडघे टेकलेले मोठे देवदूत. आकार ओळखीचा वाटला असेल तर कारण आहे: वास्तुकार ब्रामान्तेने रोममध्येच सान पिएत्रो इन मोन्तोरिओला बांधलेल्या छोट्या गोल मंदिराची ती जाणूनबुजून घेतलेली आठवण आहे. संत पीटरला जिथे क्रुसावर दिलं असं मानत त्या जागेवरचं ते मंदिर. त्याच्या कबरीवरच्या चर्चमध्ये बर्निनीने ते पुन्हा उभं केलं, आणि आत ख्रिस्त ठेवला. मला स्वतःला त्याच चर्चमधल्या त्याच्या प्रचंड ब्राँझच्या छत्रीपेक्षा हे काम जास्त आवडतं. तिथे बळ दिसतं, इथे डोकं.

पण तुमच्या चर्चमधल्या वस्तूचं घराणं हे नाही. ते पोर्तुगालचं आहे: कोरलेलं, सोन्याने मढवलेलं लाकूड. तिकडे १७व्या शतकाच्या शेवटी या कलेने जो बहर घेतला त्यात तुम्ही सांगता ते सगळं येतं. पिळाचे खांब, त्यांवर चढलेल्या द्राक्षवेली, वेलींत पक्षी आणि गुबगुबीत देवदूत. ब्राँझ आणि लाजवर्द परवडणारे राजे आणि पोप थोडे. लाकूड, सरस आणि वर्ख मात्र जहाजाने जाईल तिथे गेले. पोर्तुगीज वेदीची आणखी एक खूण अशी की टॅबरनॅकलच्या वर, मागे, मोठ्या कमानीत पायऱ्यापायऱ्यांचं सिंहासन असतं. चाळीस तासांची आराधना, म्हणजे ओस्तीसमोर सलग प्रार्थना, १६व्या शतकात मिलानमध्ये सुरू झाली आणि सगळीकडे पसरली. तेव्हा ओस्ती मोन्स्ट्रन्समध्ये, म्हणजे ती सर्वांना दिसेल अशा उभ्या पात्रात, ठेवून त्या सिंहासनावर चढवत, भोवती मेणबत्त्यांची रांग. तुमच्या पेटीच्या वर रिकामा कोनाडा किंवा अर्थ न लागणाऱ्या पायऱ्या असतील तर त्या याच. त्या काढून पुतळ्याला जागा करण्याची सूचना कौन्सिलमध्ये आली तर विरोध करा. (आल्प्सकडच्या लोकांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला: फिरणारा टॅबरनॅकल. आत उभं दंडगोल, त्याला तीन कोनाडे, एकात क्रूस, एकात मोन्स्ट्रन्स, एकात ओस्तीचं पात्र. फिरवलं की हवं ते समोर. यंत्र म्हणून झकास.)

गोव्यात हे काम स्थानिक हातांनी झालं, आणि ते हात नेहमी ख्रिस्ती नव्हते. हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती आणि पूजेच्या वस्तू करून घेऊ नयेत म्हणून १६व्या शतकात बंदी घातली गेली. जी गोष्ट होतच नाही तिच्यावर कुणी बंदी घालत नाही. गोव्यातल्या प्रवचनमंचांखाली नागकन्यांसारख्या आकृती पाहिल्यात तर त्या लिस्बनहून आलेल्या नाहीत हे कुणी सांगायला नको. दारावरचा पेलिकन मात्र युरोपातून आलेला. चोचीने स्वतःची छाती फाडून रक्ताने पिल्लं जगवतो अशी त्याची जुनी दंतकथा, म्हणून तो ख्रिस्ताच्या बलिदानाचं चिन्ह. जुन्या गोव्याला गेलात तर सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात पेलिकनचा चांदीचा टॅबरनॅकल-मोन्स्ट्रन्स जरूर पाहा. १७व्या शतकात आपल्याकडचे सोनार काय करू शकत होते ते कळतं.

एक सावधगिरी. तुमचा टॅबरनॅकल दिसायला बरोक आहे म्हणून तो पोर्तुगीज काळातलाच असेल असं नाही. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, किल्ल्यातली चर्च ओसाड पडली, बाहेरच्या बऱ्याच चर्चची पुढे डागडुजी किंवा नवी बांधणी झाली. कोकणपट्टीत ही शैली युरोपात तिची हौस फिटल्यावरही चालू राहिली. वय ठरवायचं तर समोरून बघू नका, मागून बघा. मागच्या फळीवर करवतीच्या खुणा सरळ, थोड्या वेड्यावाकड्या आहेत की कमानीसारख्या गोलाकार? गोलाकार म्हणजे यंत्राची चकती. खिळे लोहाराने ठोकलेले, चौकोनी अंगाचे, की कारखान्यातले गोल तारेचे? तारेचा खिळा १९व्या शतकाच्या उत्तरार्धाआधी इथे सापडणार नाही. अर्थात खिळा नंतर ठोकलेला असू शकतो. म्हणून एकाच पुराव्यावर निकाल देऊ नये.

आता सोन्याकडे वळू, कारण ठरावाचा सगळा घोळ तिथे आहे. लाकडावर सोनं थेट बसत नाही. आधी लाकडाला सरसाचा हात देतात. सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवतात. मग जिप्सम किंवा खडू सरसात कालवून त्याचे एकावर एक थर, आधी जाड, मग मऊ. ते वाळले की घासून, कोरीव काम पुन्हा धारदार करून घेतात. त्यावर गेरूच्या जातीची लाल चिकणमाती, तीही सरसात. ती जागा पाण्याने ओली करायची, वर्ख सोडायचा, आणि ओल बेताची राहिली की अकीकाच्या दगडाने घोटायचं. आरशासारखी झळाळी येते ती घोटण्यामुळे. देवदूताच्या गालावर, कपड्यांवर कधी सोन्यावर रंग देऊन तो काडीने खरवडून नक्षी काढलेली असते. जिथे मंद सोनं हवं तिथे तेलाच्या लेपावर वर्ख लावून तो तसाच सोडतात. झळाळणारं आणि मंद असं आलटूनपालटून ठेवल्यामुळेच मेणबत्तीच्या उजेडात वेली हलल्यासारख्या वाटतात. गोल्डन पेंटचा एकसारखा हात फिरला की हे सगळं एका क्षणात सपाट होतं. माझ्या मते नुकसान इथेच सर्वांत मोठं, रसायनापेक्षाही.

आणि सोनं किती? आजचा वर्ख मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका जाड असतो. एका ग्रॅममध्ये अर्धा चौरस मीटर मढतो. जुना वर्ख थोडा जाड, पण फार नाही. म्हणून वेदीच्या सोन्याच्या किमतीच्या ज्या कथा गावोगाव ऐकू येतात त्यांत दम नाही. किंमत हाताच्या कामाची आहे. म्हणूनच हे सोनं ओल्या फडक्याने पुसता येत नाही. खालचे सगळे थर सरसात बांधलेले, सरस पाण्यात सुटतो. फडक्यावर लाल डाग आला तर समजा, माती आली, म्हणजे सोनं आधीच गेलं.

काळपट दिसतं ते काय आहे, हे घरबसल्या थोडं तपासता येतं. विजेरी बाजूने, तिरकी धरा. वर्ख असेल तर ठरावीक अंतरावर बारीक सरळ रेषा दिसतील, जिथे एका पानाची कड दुसऱ्यावर चढली आहे. उंचवट्यांवर, नाकाच्या शेंड्यावर, पानांच्या कडांवर सोनं झिजून लालसर दिसेल. ही झीज सुंदर असते. ती लपवायची गरज नाही. याउलट ब्रशचे ओढे दिसले, कण चमचमले, खोबणीत हिरवट-तपकिरी झाक असली, तर ते जुनं गोल्डन पेंट. त्यात सोनं नसतंच. पितळेची पूड असते, तिच्यातलं तांबं हवेने काळवंडतं. तुमच्या इथे काळेपणा सोन्याचा नसून मागच्या एखाद्या सणाच्या रंगाचा असण्याची शक्यता मला बरीच वाटते. शुद्धतेजवळचं सोनं स्वतः काळं पडत नाही. वर धूर, ऊद, मेणाचा थर बसतो, किंवा व्हार्निश पिवळं-तपकिरी होतं. नखाने किंवा ब्लेडने खरवडून पाहू नका, कितीही मोह झाला तरी. थिनरचा बोळा तर नकोच.

पोपड्यांचं कारण आपला पावसाळा. लाकूड दमटपणात आडवं फुगतं, हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात आकसतं. वरचा जिप्समचा थर ताठ. तो तेवढा हलू शकत नाही. शेवटी तंबूसारखा उचलतो आणि फुटतो. त्यात भर म्हणजे वेदी भिंतीला चिकटून असते आणि भिंत बाहेरून पाऊस पीत असते. समोरून सोनं लावणाऱ्याला हे दिसत नाही. मागे जाऊन भिंतीला हात लावा. ओल असेल तर आधी छप्पर, पन्हळ आणि बाहेरचा गिलावा दुरुस्त करा. तोवर टॅबरनॅकलवर खर्च केलेला रुपया वाया. वाळवीही तिथूनच येते. सागाचं गाभ्याचं लाकूड तिला फारसं रुचत नाही, पण मागच्या फळ्या आणि ठोकळे बहुधा स्वस्त लाकडाचे असतात. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखा भुस्सा दिसला तर ती वाळवी नव्हे, भुंगा. दोन्हींचे उपाय वेगळे. कीटकनाशकाची फवारणी सोन्यावर मारून मोकळं होणाऱ्या माणसाला आत येऊ देऊ नका.

सुटलेले पोपडे फेकू नका. जमिनीवर पडलेला प्रत्येक तुकडा कागदी पाकिटात ठेवा, कुठून पडला ते लिहा. पंख हलत असेल तर त्याला हात न लावता खाली मऊ कापड पसरा. फुलदाण्या पेटीपासून दूर ठेवा, मेणबत्त्या त्याहून दूर. लाकडात खिळे ठोकून लावलेल्या दिव्यांच्या माळा वर्षानुवर्षं तशाच राहतात. त्या इलेक्ट्रिशियनला दाखवून काढा, कारण जुन्या वायरी आणि तीनशे वर्षं वाळलेलं लाकूड ही जोडी मला सगळ्यांत जास्त घाबरवते. धूळ झटकायची तर जिथे थर घट्ट आहे तिथेच, मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने. पिसांचा झाडू नको. त्याचे काटे पोपड्यांत अडकतात. आत चांदीचं पात्र किंवा चांदीचं दार असेल तर चिंच, राख, भांडी घासायची पावडर यांपैकी काही नाही. चांदीवर सोन्याचा पाणीमुलामा असेल तर तो दोन-चार सणांच्या घासणीत जातो.

संवर्धक आला की तो काय करेल हे माहीत असावं, म्हणजे दरपत्रक वाचता येईल. पहिलं काम फोटो आणि नोंदी. मग उचललेले थर सौम्य सरसाने किंवा माशाच्या सरसाने खाली बसवणं, बहुधा जपानी कागदाच्या आधाराने, थोड्या उबेवर. मग कोपऱ्यात नखाएवढ्या जागांवर सफाईची चाचणी. जुनं पेंट निघतं का, खाली सोनं किती शिल्लक आहे, याचा अहवाल. त्यानंतरच पुढचा निर्णय. जिथे काहीच उरलं नाही तिथे नवा वर्ख लावता येतो, पण तो जुन्याशी जुळेल इतपत मंद ठेवून. पहिल्याच भेटीत संपूर्ण वेदी नव्यासारखी करून देतो म्हणणारा माणूस मला चालत नाही, तुम्हालाही चालू नये. लहान चर्चला सगळं एकदम परवडणार नाही. मग यंदा फक्त पोपडे बसवून घ्या, सफाई पुढच्या वर्षी. मधल्या काळात काही बिघडत नाही.

कौन्सिलमध्ये कुणी म्हणेल, वस्तू आमची, आम्ही ठरवू. चर्चचा स्वतःचा कायदा तसं म्हणत नाही. १९८३ च्या कॅनन कायद्यातलं ११८९ कलम सांगतं, की वयाने, कलेने किंवा भक्तीने मौल्यवान असलेल्या प्रतिमांची दुरुस्ती बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय करू नये, आणि बिशपांनी आधी तज्ज्ञांना विचारावं. देवदूत आणि पेलिकन असलेल्या टॅबरनॅकललाही हीच शिस्त लावा असं मी म्हणेन. म्हणून फादरांना आधी बिशप हाऊसला पत्र घालायला सांगा; ठरावापेक्षा ते पत्र जास्त उपयोगी पडेल. ९३८ कलम टॅबरनॅकलबद्दलच आहे: तो हलणारा नसावा, मजबूत आणि अपारदर्शक असावा, कुलूपबंद असावा, आणि किल्ली नीट सांभाळावी. यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. पेटी काचेच्या दाराची करून आतली रोषणाई दाखवायची कल्पना कुणी आणली तर ती बसणार नाही. आणि काम सुरू होण्याच्या सकाळी फादर स्वतः ओस्ती काढून दुसऱ्या जागी नेतील, तिच्याजवळ तेवणारा दिवाही तिथे जाईल. त्याशिवाय कारागिराने पेटीला हात लावायचा नसतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

जुनं कुलूप आणि बिजागऱ्या बदलू नका. किल्ली अडते म्हणून तेल घालतात, ते दारामागच्या रेशमी अस्तरावर उतरतं आणि डाग कायमचा राहतो. ग्राफाइटची कोरडी पूड चालते. आणि आजच, काहीही करण्याआधी, फोटो काढून ठेवा: समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, दार उघडं असताना (फादर असतील तेव्हा), शेजारी मोजपट्टी धरून. देवदूताच्या पंखाचा एक जवळून. पाऊस संपल्यावर त्याच जागेवरून तोच पुन्हा काढा. पोपडा वाढतोय की थांबलाय हे मला किंवा दुसऱ्या कुणालाही त्या दोन फोटोंवरून सांगता येईल.